करवतीची गुरगुर

माझा भाऊ ॲथॉल जुनी चेनसॉ, म्हणजे इंजिनावरची करवत, विकत घ्यायला गेला की आधी मालकाशी गाईगुरांच्या, पावसापाण्याच्या गप्पा मारतो आणि बोलता बोलता हात अगदी सहज इंजिनावर ठेवतो. इंजिन कोमट लागलं तर समजायचं, आपण पोचायच्या आधीच कोणीतरी ती चालवून ठेवलीय. थंड असताना सुरू व्हायला ती किती छळते हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. मग ॲथॉल म्हणतो, "चहा घेऊन येतो जरा," आणि बराच वेळ तिकडे फिरकत नाही. करवत थंड होते आणि मालक तापतो.

आम्ही टॅनर्स क्रीकचे. टास्मानियाच्या वायव्येला डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जी गवताळ पट्टी आहे, तिच्यात घुसलेली ही एक दरी. गाई, बटाटे आणि ओढ्याकाठची ब्लॅकवूडची झाडं, एवढंच इथलं वैभव. आमचे वडील रेल्वेचे स्लीपर कापायचे. ॲथॉलने त्यांच्याकडून लाकडाचं काम घेतलं, पण त्याचा खरा जीव इंजिनात. मोडक्या, मोठ्या, कोणी हात लावत नाही अशा करवती आणायच्या, त्या उभ्या करायच्या, आणि ज्यांना ओंडक्याच्या रुंद फळ्या काढायच्या असतील त्यांना द्यायच्या. लोक बर्नीपासून स्मिथटनपर्यंतचे त्याच्याकडे येत. नवी घेतलेली करवतसुद्धा कान लावून घ्यायला त्याच्याकडे आणत.

कान लावणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. झाड आडवं कापायला मिनिटभर पुरतं. ओंडका उभा चिरायचा तर करवत दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं पूर्ण जोरात, दम न घेता चालते. तिच्या पेट्रोलातच तेल मिसळलेलं असतं. पेट्रोल जरा कमी मिळालं की तेलही कमी मिळतं आणि आतला पिस्टन भाजून निघतो. म्हणून कार्बोरेटरवरचा एक बारीक स्क्रू असा लावायचा, की मोकळ्या हवेत पूर्ण जोर दिल्यावर करवत किंचित गुरगुरली पाहिजे. पोट भरलेल्या कुत्र्यासारखी. लाकडात घातली की ती गुरगुर थांबते आणि आवाज स्वच्छ होतो. पण हवेतच जर ती स्वच्छ, गोड, उंच आवाजात गायला लागली, तर तिचे दिवस भरले. नवशिक्यांना नेमका तोच आवाज आवडतो.

आमच्या दरीत मोठा ओंडका चिरायचा असला की पहिल्या कापाआधी करवत हवेत चालवतात आणि सगळे ॲथॉलकडे बघतात. त्याने मान हलवली की कापायचं. आधी वडील मान हलवायचे. ते गेल्यावर कोणी काही ठरवलं नाही, नजरा आपोआप ॲथॉलकडे वळल्या. आणखी एक रीत आहे. दुसऱ्याची करवत कशी वाजते यावर विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि त्याच्या स्क्रूला तर हातही लावायचा नाही. दुसऱ्याच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवलेली एक वेळ चालतात इथे.

तर अशा माणसाचे कान गेले.

एकदम नाही गेले. वहिनीच्या, म्हणजे ग्लेनिसच्या, प्रथम ध्यानात आलं. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडायची आणि हा तिच्याशेजारी बसून पेपर वाचायचा. पहाटे पक्षी ओरडत नाहीत आताशा, असं तो मला एकदा म्हणाला, तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या तारेवर चार मॅगपाय बसून कोकलत होते. डॉक्टरने सांगितलं की बारीक, उंच आवाज आधी जातात आणि घरघर तेवढी उरते. जन्मभर कानांना काही न लावता करवतींच्या शेजारी उभा राहिलेला माणूस, दुसरं काय होणार होतं? यंत्रं दिली कानात घालायला. ती घातली की बायकोचं बोलणं ऐकू यायचं, पण करवत सुरू झाली की यंत्राला वाटायचं हा नुसता गोंगाट, आणि ते सगळा आवाज दाबून सपाट करून टाकायचं. म्हणून शेडमध्ये जाताना तो ती काढून ठेवायचा.

आता बघा काय झालं. उंच आवाज त्याच्या कानात पोचेना, म्हणून स्वच्छ किंचाळणारी करवतसुद्धा त्याला गुरगुरतेय असंच वाटायचं. जास्तच गुरगुरते म्हणून तो स्क्रू आत फिरवायचा. आणखी आत. प्रत्येक करवतीचं पेट्रोल तो थोडं थोडं तोडत गेला, आणि समाधानाने मान हलवून ती मालकाच्या हातात देत गेला.

माझं घर त्याच्या रस्त्याच्या पायथ्याशी, पुलाला लागून. तिथे करवत घेऊन थांबलेलं मी पहिल्यांदा रोवन डनियमला पाहिलं. रोवनचा गाईंचा गोठा आहे, चाळिशीचा माणूस, त्याचे वडीलही ॲथॉलकडेच करवत आणायचे. पूल ओलांडून त्याने गाडी थांबवली, मागचं फळकं पाडलं, करवत सुरू केली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पाव फेरा बाहेर फिरवला. मी कुंपणापाशी जाऊन विचारलं, काय रे, काय चाललंय. चोरी पकडल्यासारखा तो लाल झाला.

"जरा तंग लावलीय," तो म्हणाला. "उगीच आपलं. तू त्याला काही बोलू नकोस हं, जॉस."

मग मला सगळेच दिसायला लागले. कोणी पुलावर थांबायचं, कोणी त्यापुढच्या वळणावर. वर जाऊन कान लावून घ्यायचा, चहा प्यायचा, आभार मानायचे आणि खाली येऊन पाव फेरा परत फिरवायचा. इतकी माणसं थांबायला लागली की मी चहाचं दुकान टाकावं म्हणत होते. सगळ्यांना ठाऊक, आणि सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. एवढंच होतं तर येणं बंद का करत नाही, असं मी रोवनला विचारलं. तो म्हणाला, येणं बंद केलं तर त्याला कळेल ना.

मला असलं गोड गोड वागणं जमत नाही. मी वर जाऊन ॲथॉलला सांगितलं. त्याने माझ्यादेखत एक करवत सुरू केली. ती शिट्टीसारखी किंचाळत होती, माझे दात शिवशिवले. तो शांतपणे ऐकत राहिला, मग बंद करून म्हणाला, "कशी मजेत गुरगुरतेय. तू तुझे कान तपासून घे, जॉस." रोवनने इंजिनाचे फेरे मोजायचं एक छोटं यंत्र आणून दिलं होतं. यंत्रावरचा आकडा ॲथॉलच्या कानाशी जुळेना, तेव्हा यंत्र बिघडलंय असं ठरलं. ग्लेनिस मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, आता पुन्हा बोलू नकोस, त्याच्याजवळ दुसरं काय आहे. मी हात टेकले.

शेडच्या मागे पत्र्याखाली एक ब्लॅकवूडचा ओंडका पडून होता. वादळात ओढ्याकडेला कोसळलेला, माझ्या छातीपर्यंत येईल एवढ्या जाडीचा. त्यातून अखंड फळी काढून ग्लेनिसला टेबल करून द्यायचं, हे ॲथॉल इतकी वर्षं बोलत होता की ती टेबलाचं नाव काढलं की हसायची. एवढ्या रुंदीला दीड मीटरचं पातं लागतं, आणि ते पातं ओढायला पूर्वी बनायचं तसलं दांडगं इंजिन. तसलं इंजिन मिळत नव्हतं. मग गेल्या शरदात डोंगरापलीकडे एका वारलेल्या शेतकऱ्याचं सगळं सामान लिलावात निघालं आणि त्याच्या यादीत तसल्या इंजिनाची एक करवत होती.

मी गाडी चालवत त्याच्याबरोबर गेले. माळावर रांगेने मांडलेले नांगर, डबे, तारेची भेंडोळी, आणि एका टोकाला गावच्या हॉलसाठी पैसे जमवणाऱ्या बायका पावात सॉसेज घालून विकत होत्या. करवत एका टायरवर ठेवली होती. ॲथॉलने हात ठेवला, इंजिन कोमट. त्याने चहा घेतला, सॉसेज खाल्लं, पुन्हा चहा घेतला. परत आल्यावर त्याने स्टार्टरच्या दोरीची मूठ धरून अख्खी करवत हवेत उचलली. आत झीज असेल तर दोरी सरसर सुटून करवत खाली येते. ही तशीच लोंबकळत राहिली, मग एक हिसका, मग दुसरा, अशी कुरकुरत खाली आली. त्याने सायलेन्सर सोडवून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. पिस्टनवर ओरखडा नाही. त्याचे हात आणि डोळे अजून तसेच होते, मला बरं वाटलं.

मग त्याने ती मंद चालू ठेवली आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या कुशीवर कलती केली. कलती केल्यावर आवाज चढला तर कुठून तरी हवा आत शिरतेय. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "जॉस, मी इकडे पात्याचं तेल बघतोय. आवाज बदलला का सांग."

नाही बदलला, असं मी सांगितलं आणि ते खरं होतं. पण तो पात्याचं तेल बघत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की त्याला आतून काही ठाऊक असावं. गाडीत मी विषय काढायला गेले तर त्याने खिडकीची काच खाली केली आणि वारा आत घेतला.

कापायच्या दिवशी सकाळी तो न्याहारी करत असताना ग्लेनिस शेडमध्ये गेली आणि तिने स्वतःच्या हाताने तो स्क्रू बाहेर फिरवला. मला तिनेच सांगितलं. जन्मात तिने कधी त्याच्या हत्यारांना हात लावला नव्हता. त्याचा उपयोग काडीचा झाला नाही. आम्ही ओंडक्यावर पहिल्या कापाला आधार म्हणून ॲल्युमिनियमची शिडी स्क्रूंनी पक्की केली, पात्यावर चौकट चढवली, रोवन पात्याचं दुसरं टोक धरायला उभा राहिला. ॲथॉलने कानातली यंत्रं काढून ग्लेनिसच्या ओंजळीत दिली, करवत सुरू केली, पूर्ण जोर दिला, आणि कपाळाला आठी घालून स्क्रूड्रायव्हर काढला.

तो फिरवत गेला. गुरगुर गेली, आवाज स्वच्छ झाला. तो आणखी फिरवत गेला. आवाज चढत चढत असा झाला की मला पळून जावंसं वाटलं. मी पुढे होऊन त्याच्या हाताला धरलं आणि करवत बंद केली. "किंचाळतेय ती," मी म्हणाले. "एवढं लाकूड, एवढ्या दिवसांनी मिळालेलं इंजिन. आज तरी ऐक माझं."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं. तो रोवनकडे वळला. "रोवन, तू सांग. खरं सांग हं. गुरगुरत होती की नाही?"

त्याने स्वतः विचारलं होतं, म्हणजे रीतीप्रमाणे बोलायला मोकळीक होती. आजवर चारचौघांत त्याने कोणाला असं विचारलं नव्हतं. रोवनने माझ्याकडे पाहिलं, ग्लेनिसकडे पाहिलं. ती त्या दोन यंत्रांवर मुठी आवळून खुर्चीत बसली होती. काय झालं त्या माणसाला कोण जाणे. तो म्हणाला, "होती की. मस्त गुरगुरत होती."

ॲथॉलने मान हलवली.

अर्ध्याहून जास्त काप गेला. फार सुंदर जात होता. भुसा लांब लांब दोऱ्यांसारखा उडत होता, चिरेत लाकूड मधाच्या रंगाचं दिसत होतं, मी मागून पाचरी ठोकत होते, आणि माझ्या मनात आलं की कदाचित निभावेल. मग आवाज एकदा वर चढला, जड झाला, आणि करवत जागच्या जागी थांबली. दोरी ओढली तर हलेना.

ती निवेपर्यंत ॲथॉल ओंडक्यावर बसून राहिला. मग पाचरी ठोकून पातं मागे काढलं, सायलेन्सर सोडवला आणि बॅटरी पेटवून आत पाहिलं. फार वेळ पाहिलं. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभे ओरखडेच ओरखडे होते, पेट्रोल कमी पडल्याचे. हे ओरखडे ओळखायला त्यानेच सगळ्या दरीला शिकवलं होतं. डोळ्यांनी त्याला ते पटवलं जे आमच्यातल्या कोणाला पटवता आलं नव्हतं. ग्लेनिसने यंत्रं पुढे केली. त्याने ती घातली आणि विचारलं, "केव्हापासून?"

रोवन बुटांकडे बघत होता. मीच बोलले. दोन वर्षं तरी झाली, म्हणाले.

"आणि तुझी, रोवन? तुझी कशी नाही जळली?"

"मी नंतर स्क्रू सैल करून घेतो," रोवन म्हणाला. "पुलावर."

"बाकीचे?"

"बाकीचेही."

ॲथॉलने बॅटरी विझवली. मग म्हणाला, "मला शंका यायची रे. खूपदा यायची. पण माणसं येत राहिली. मी म्हणायचो, माझ्या हातून बिघडत असतं तर ती पुन्हा कशाला आली असती."

यावर रोवन रडला. एवढा मोठा, गाईला एकटा उचलून उभा करणारा माणूस, तोंड फिरवून रडला, आणि ॲथॉल त्याच्या पाठीवर हात ठेवून, चालायचंच, चालायचंच, म्हणत राहिला. मला दोघांचाही राग आला होता. कोणावर ओरडावं ते मात्र कळत नव्हतं.

नंतर शेड बंद असायची. कोणी करवत आणली तर तो म्हणायचा, सध्या वेळ नाही, पाठ धरलीय. लोकांनी ते मानलं. रोवनने कोणापाशी अवाक्षर काढलं नाही आणि मीही नाही. सांगून काय होणार होतं. त्या इंजिनाचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. अर्धवट चिरलेला ओंडका तसाच पडला होता, उघड्या चिरेत पाणी जाऊन लाकूड काळं पडायला लागलं होतं. दर दोन-तीन दिवसांनी ग्लेनिस त्यावर ताडपत्री ओढायची आणि वारा ती काढायचा.

शेवटी रोवनने स्मिथटनकडच्या कोणाकडून तरी दांडगी करवत मागून आणली, आणि एका रविवारी मदतीला दरीतल्याच कॉल हिलीला आणि त्याच्या मेहुण्याला घेऊन आला. त्या दोघांना त्या दिवसाचं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की म्हाताऱ्याला तंग लावायची सवय लागलीय आणि पुलावर थांबावं लागतं. ॲथॉल घरातून बाहेर यायला तयार नव्हता. ग्लेनिसने कोट आणून दिला, तेव्हा आला. पाचरी मी धरेन, म्हणाला. कानात यंत्रं नव्हती. आता करवतीजवळ ती घातली काय न घातली काय.

रोवनने पातं चिरेच्या तोंडाशी आणलं, करवत सुरू केली आणि हवेत पूर्ण जोर दिला. छान वाजत होती. पोट भरलेली, जराशी गुरगुरणारी, जशी वाजायला हवी अगदी तशी. आणि कॉलने ॲथॉलकडे पाहिलं. मेहुण्याने पाहिलं. सगळं ठाऊक असलेल्या रोवननेही पाहिलं, त्याची मान आपोआपच वळली असणार, कारण वळल्यावर त्याचा चेहरा पडला. तिघेही वाट बघत राहिले.

ॲथॉल सरळ उभा राहिला. मी त्याच्या खांद्याशी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "मला नका विचारू. मला यातलं काही ऐकू येत नाही."

चांगल्या, खणखणीत आवाजात म्हणाला, पण दोन हातांवर ते इंजिन गर्जत होतं. त्यांना फक्त त्याचे हललेले ओठ दिसले, आणि तो त्यांना होकारच वाटला. कॉल हसला, त्याने अंगठा वर केला, आणि रोवनने करवत लाकडात घातली. गुरगुर थांबली, आवाज स्वच्छ झाला, भुसा उडायला लागला.

ॲथॉलने माझ्याकडे पाहिलं. तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं, आणि त्याच्या वतीने ओरडायचं माझ्यात नव्हतं. त्याने पाचर उचलली आणि चीर उघडी ठेवायला तो पुढे गेला.